परनाला म्हणा, पन्हाळ म्हणा

आमच्या घरात त्याला परनाला म्हणतात आणि गल्लीत पन्हाळ. दोन्ही शब्द जुन्या 'प्रणाल' या एकाच शब्दापासून निघालेले, म्हणजे चुलत बहिणीच. पण लातूरला हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर या दोघींनाही कोणी ओळखत नाही. तिथे 'गटर' म्हणावे लागते. आणि 'गटरला जाळी पाहिजे' म्हटले की दुकानातला पोरगा रस्त्यावरच्या नालीवर टाकायचे बिडाचे झाकण पुढे करतो. पत्र्याच्या कडेला लावायची पन्हाळ आणि तिच्यात पालापाचोळा अडकू नये म्हणून तिच्यावर बसवायची जाळी, एवढी साधी वस्तू मागायला आम्हाला दुकानादुकानांतून हातांनी हवेत छप्पर काढून दाखवावे लागले.

एवढ्याशा वस्तूवर लेख कशाला, असे कोणाला वाटू शकेल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तसे वाटले तर नवल नाही. पण आमचे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. इथे पाण्याची गोष्ट लहान नसते. इथे पाहुणा आला की आधी पाणी विचारतात, आणि काही वर्षे अशी येतात की ते विचारतानाही आवाज जरा खाली येतो.

आमच्या लहानपणी पन्हाळीचे काम वेगळे होते. घरे माळवदाची होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर हातभर मातीचा थर. मृगाच्या आधी माळवदावर चढून गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पांढरी माती पसरून धुमसायची आणि पन्हाळीची तोंडे मोकळी करायची, हा दरवर्षीचा नेम होता. पन्हाळ तुंबली तर पाणी माळवदावर साचते, माती भिजते, ओझे वाढते आणि रात्रीतून कोपरा खचतो. त्यामुळे पाणी घरापासून जितक्या लांब फेकता येईल तितके बरे, असाच विचार होता. पावसाचे पाणी म्हणजे घराचा दुश्मन. ते गल्लीत पडले की आपली जबाबदारी संपली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुष्कळशी माणसे भूकंपाने नव्हे, तर आपल्याच घराच्या भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने मारली, हे तेव्हा सगळ्यांना कळले. ज्या मातीने उन्हाळ्यात गारवा दिला तीच माती छातीवर आली. त्यानंतर कितीतरी कुटुंबांना माळवदाखाली झोप लागेनाशी झाली. आमच्याकडेही माळवद उतरवले आणि वर पत्रे आले. उन्हाळ्यात घर तव्यासारखे तापू लागले, पण छातीवरचे ओझे उतरले.

पत्र्याने आणखी एक गोष्ट बदलली. तिच्याकडे मात्र बरीच वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. माती पाणी पिते, पत्रा पीत नाही. पत्र्यावर पडलेला थेंब तसाच घरंगळत कडेला येतो. एका कडेला पन्हाळ लावली की सगळे छप्पर एका पाइपाच्या तोंडाशी येऊन उभे राहते. पाणी लांब फेकणारी पन्हाळ आता पाणी पकडणारी झाली.

हे लोकांच्या डोक्यात नीट शिरले ते २०१६ साली. त्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या आणि पावसाळा लागल्यावरही काही काळ येत राहिल्या. त्या गाड्या आमच्या मुरुडच्या बाजूनेच लातूरकडे गेल्या. कृष्णाकाठचे पाणी तिकडून निघून, आमच्या कोरड्या बोअरांना वळसा घालून पुढे जात होते.

त्याच दिवसांत आम्ही घरात एक हिशोब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचा पत्रा तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. आमच्या भागात बऱ्यापैकी वर्षी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. सातशेच धरला तरी एकोणचाळीस हजार लिटर होतात. वाफ, गळती आणि सोडून द्यायचे पहिले पाणी वजा केले तरी तीस हजार लिटर हाताशी राहते. आमच्यासारखी सतरा छपरे वर्षभरात एका रेल्वेगाडीइतके पाणी झेलतात. दुष्काळाच्या वर्षी निम्मा पाऊस धरा, तर चौतीस छपरे. एका गल्लीत एवढी घरे असतातच. सहा माणसांना पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते दिवसाला तीस लिटर लागते. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचे ते सव्वासात हजार लिटर होते. म्हणजे दहा हजार लिटरचा एक हौद पुरे.

अम्मीला हा हिशोब सांगितला तेव्हा तिने एकच विचारले, "दाल गलेगी क्या?" तिचा प्रश्न बरोबर होता. सहाशे फुटांवरच्या बोअरचे पाणी इतके जड की तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नाही, चहा काळा पडतो आणि पातेल्याला पांढरे किटण धरते. पावसाचे पाणी हलके. त्यात डाळ मेणासारखी शिजते. अम्मीने पावसाच्या पाण्याच्या बाजूने मत दिले ते डाळीसाठी. मग हौद बांधला, पन्हाळ लावली, आणि त्यानंतर लिंबाचा प्रश्न आला.

शेजारच्या काकूंच्या अंगणात मोठा लिंब आहे. त्याच्या दोन फांद्या आमच्या पत्र्यावर आलेल्या. त्यांच्यामुळेच चैत्र-वैशाखात आमच्या पत्र्याच्या घरात माणूस बसू शकतो. पण त्याच फांद्यांचा पाला, फुलोरा आणि निंबोळ्या आमच्या पन्हाळीत पडतात. पत्रे बसवणारे मिस्त्रीचाचा आले, वर पाहिले आणि म्हणाले, "जाळी नंतर बघू. आधी हा लिंब काढा. झाड गेलं की जाळीची गरजच नाही."

उपाय सोपा होता, आणि असा सोपा उपाय कानावर पडला की त्याच्यापुढचा विचार करायचा माणसाला कंटाळा येतो. घरात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, पाण्यापुढे सावली काय मोठी? दुसऱ्याचे म्हणणे, झाड दुसऱ्याचे, तोड म्हणणारे आपण कोण? उद्या ही गोष्ट गल्लीत वेगळ्याच रंगाने फिरेल. आजकाल दोन घरांमधली साधी गोष्टही दोन घरांची राहत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

शेवटी अम्मीच काकूंकडे जाऊन बसली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपली बाजू सांगितली. ती आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. आमच्या जुन्या माळवदाचे पाणी कित्येक वर्षे त्यांच्या न्हाणीच्या भिंतीला लागत होते. ती भिंत त्यांनी दोनदा लिंपून घेतली, पण कधी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "भाभी, लिंब माझा, पाला तुमच्याकडं. पाणी तुमचं, वल माझ्या भिंतीला. मग भांडायचं कुणी कुणाला? फांदी छाटायची तर छाटा, पर बुंध्याला हात लावू नका."

हे ऐकून आम्हाला एक जुनी रिवायत आठवली. ती मुस्नद अहमदमध्ये आहे. मदिन्यात हजरत अब्बास (र.अ.) यांच्या घराचा परनाला हजरत उमर (र.अ.) यांच्या वाटेवर होता. एका जुम्म्याला हजरत उमर स्वच्छ कपडे घालून मशिदीकडे निघाले होते. अब्बासांच्या घरी कोंबडीची पिल्ले जबह केलेली होती, आणि परनाल्यातून रक्तमिश्रित पाणी उमरांच्या अंगावर पडले. त्यांनी तो परनाला काढून टाकायला सांगितले, घरी जाऊन कपडे बदलले आणि येऊन नमाज पढवली. नंतर हजरत अब्बास त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, तो परनाला त्या जागी खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी बसवला होता. तेव्हा अमीरुल मोमिनीन असलेल्या उमरांनी अब्बासांना गळ घातली की तुम्ही माझ्या पाठीवर चढा आणि परनाला होता तिथेच बसवा. अब्बासांनी तसेच केले.

वाजांमधून ही गोष्ट बहुधा नम्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. परनाला माझ्या घराचा असला तरी पाणी दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि दुसऱ्याचा त्रास खरा असला तरी माझा परनाला काढून टाकण्याआधी त्याने मला विचारायला हवे. छप्पर एकाचे असते, पण छपराची कड नेहमी दोघांची असते. काबाच्या छपराचे पाणीही एका परनाल्यातूनच हतीमकडे उतरते. त्याला मीजाब-ए-रहमत म्हणतात, आणि लोक त्याच्याखाली उभे राहून दुआ मागतात. छपरावरून उतरणाऱ्या पाण्याला रहमत म्हणणारी आपली परंपरा आहे. ती रहमत शेजाऱ्याच्या भिंतीला ओल आणणारी नसावी, एवढे पाहणे आपल्याकडे लागते.

तर लिंब राहिला. पत्र्यावर घासणारी एक फांदी काकूंनीच माणूस बोलावून छाटून दिली. पन्हाळीचा उतार आम्ही त्यांच्या भिंतीकडून आमच्या अंगणाकडे फिरवला. आता जाळी निवडणे आले.

बाजारात या कामाच्या चार-पाच तऱ्हा मिळतात. पहिली, बारीक छिद्रांची जाळी, जवळजवळ डासांच्या जाळीसारखी. दुसरी, प्लॅस्टिकची जाळी, कडेला खटकन बसणारी. तिसरी, पन्हाळीत भरायची स्पंजाची पट्टी किंवा बाटली धुण्याच्या ब्रशासारखा लांब ब्रश. चौथी, वरून बंद आणि कडेला गोल वळवलेला पत्रा. पाणी पत्र्याला चिकटून वळणावरून फटीत शिरते आणि पाला पुढे निघून जातो, असा तिचा हिशोब. पाचवी, पन्हाळ उघडीच ठेवून फक्त पाइपाच्या तोंडात तारेचा गोळा बसवायचा.

कोणती चांगली, हे विचारण्याआधी आपल्याकडे पाऊस कसा येतो ते पाहावे लागते. यातल्या पुष्कळ तऱ्हा थंड देशांतून आल्या आहेत. तिथे पानगळ आणि ओल हातात हात घालून येतात आणि पाऊस बराच वेळ हळू पडत राहतो. मराठवाड्यात तसे नाही. इथे लिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात उरकते. तेव्हा आभाळात ढगही नसतो. पाला वाळून खडखडीत होतो आणि मृगापर्यंत झाडून काढायला भरपूर वेळ असतो. पावसाबरोबर पडतात त्या निंबोळ्या. आणि आठ महिने सतत पडत असते ती धूळ. काळ्या रानाची माती, खळ्यावरचे भूस, उसाच्या पाचटाची राख. आमच्या पन्हाळीचा खरा शत्रू पाला नसून ही धूळ आहे.

या कसोटीला बारीक जाळी टिकत नाही. तिच्यावर धूळ बसते, पहिल्या सरीने तिचा चिखल होतो आणि छिद्रे लिंपल्यासारखी बंद होतात. शिवाय नालीदार पत्र्यावरून पाणी सगळ्या कडेने सारखे उतरत नाही. प्रत्येक खाचेतून वेगळी धार येते, आणि ती लिंपलेल्या जाळीवरून उडी मारून थेट अंगणात पडते. बंद वळणाच्या पत्र्याचेही तेच. आपल्याकडे पंधरा दिवस थेंब नाही आणि मग एका तासात साठ मिलिमीटर, अशी तऱ्हा. आमच्या छपरावर अशा वेळी मिनिटाला छप्पन्न लिटर पाणी येते, म्हणजे जवळपास चार बादल्या. एवढ्या जोराचे पाणी वळणावरून वळत नाही, सरळ पुढे जाते. प्लॅस्टिकची जाळी आमच्या उन्हात कडक होते आणि तिचे तुकडे पडतात. स्पंज धूळ पिऊन घट्ट होतो. त्यात पाखरांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजले तर पन्हाळीतच झाड उभे राहते. उरला तारेचा गोळा. तो पाइप वाचवतो, पण पन्हाळ भरायची ती भरतेच.

आम्ही घेतली ती पाव इंची छिद्राची, जस्त चढवलेली जाड तारेची जाळी. तिच्यातून निंबोळी जात नाही, धूळ मात्र जाते आणि पाण्याबरोबर वाहून निघते. मिस्त्रीचाचा ती एकसंध लावून स्क्रूने पक्की करणार होते. अम्मीने नको म्हटले. तीन-तीन फुटांचे तुकडे करा, तार वाकवून आकडे करा आणि प्रत्येक तुकडा शिडीवरून एका हाताने निघाला पाहिजे, अशी तिची अट होती. पोरे शिकायला लातूर-पुण्याला जातात, पुरुष कामावर असतात, आणि पाऊस कोणाची वाट पाहत नाही. घरातल्या बाईला जी वस्तू उघडता येत नाही ती वस्तू घराची नाही, हे तिचे म्हणणे आम्हाला पटले. पत्र्यावर पाय न ठेवता, भिंतीला टेकवलेल्या शिडीवरून सगळी सफाई व्हावी, हाही त्यामागचा विचार होता. पत्र्यावरून घसरलेली माणसे आमच्या गावाने पाहिली आहेत.

पन्हाळीला दहा फुटांना अर्धा इंच उतार दिला. उतार नसेल तर पाणी साचते, डासांची पैदास होते आणि डेंग्यूला आपण घरच्या घरी आमंत्रण देतो. पाइपाच्या तोंडाशी तारेचा गोळा बसवला. खाली दोनशे लिटरचा एक पिंप ठेवला. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी त्यात जाते. त्यात छपराची धूळ आणि पाखरांची घाण असते. ते काकूंच्या लिंबाला घालायचे. त्यानंतर तोटी फिरवली की पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून हौदात उतरते. हौदाच्या झाकणाला आणि हवेच्या पाइपाला मात्र डासांची बारीक जाळी. बारीक जाळीची जागा ती.

या कामात एक शंका हमखास येते, म्हणून लिहितो. छपरावर कबुतरे बसतात, चिमण्या बसतात, मग ते पाणी वजूला चालते का? हनफी फिकहप्रमाणे कबूतर-चिमणीच्या विष्ठेने पाणी नापाक होत नाही. पण पाक असणे वेगळे आणि पिण्याजोगे असणे वेगळे. वजूला चाललेले पाणी तेवढ्यावरून लेकराला पाजू नये. पिण्याचे पाणी आम्ही उकळूनच घेतो.

जाळी बसवून झाल्यावर मिस्त्रीचाचा म्हणाले, आता पाच वर्षे वर बघायची गरज नाही. आम्हाला त्यांचे एवढे एकच वाक्य खटकले. दुकानदारही तेच सांगतात. एकदा लावा आणि विसरा. पाण्याच्या कामात विसरता येईल अशी जाळी अजून निघालेली नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरासाठी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादसाठी आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, जमिनीखालून नहर आणली. पाणी डोळ्यांआड वाहत होते, तरी मध्ये मध्ये माणूस उतरून साफ करील अशी तोंडे तिला ठेवलेली होती. बांधणाऱ्याला ठाऊक होते की गाळ येणारच. ती नहर शतकानुशतके चालली, त्यात चुन्या-दगडाइतकाच वाटा आत उतरणाऱ्या हातांचा होता.

म्हणून आमच्या घरात आता तीन तारखा ठरल्या आहेत. मृगाच्या आधी एकदा सगळी जाळी काढून पन्हाळ झाडायची. निंबोळ्यांचा बहर संपला की दुसऱ्यांदा, आणि परतीचा पाऊस गेल्यावर तिसऱ्यांदा. मोठ्या पावसानंतर खालून नुसती नजर टाकायची. पन्हाळीच्या कडेवरून धार पडत असेल तर कुठेतरी अडले आहे असे समजायचे. माळवदाच्या काळी मृगाआधी जे होत होते तेच हे. घर बदलले, पत्रा आला, म्हणून ते काम संपत नाही. जाळीने वर चढण्याच्या खेपा कमी होतात, एवढाच तिचा उपयोग, आणि तेवढ्यासाठी पैसे देणे परवडते.

आता आमच्या मनात मशिदीच्या छताचा विचार आहे. कुठल्याही गावात मशिदीचे किंवा देवळाचे छत साध्या घरापेक्षा मोठे असते. पाच वेळच्या वजूला पाणी लागतेच. दुष्काळात इस्तिस्काची नमाज पढायला आम्ही मैदानात जातो, हात उलटे करून पाऊस मागतो. तो मागायलाच हवा. पण मागितलेला पाऊस आला तेव्हा पन्हाळ मोडकी, पाइप तुंबलेला आणि पाणी नालीत, असे असेल तर त्या मागण्याला काय अर्थ राहिला? अम्मी आमच्या दखनीत म्हणते, "पानी देना अल्ला का काम, बरतन सीधा रखना अपना काम." जमातीच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा काहींनी खर्च विचारला, काहींनी जाळी कोणती ते विचारले. आम्ही जाळीचे सगळे सांगितले आणि शेवटी विचारले की साफ कोण करणार, त्याचे नाव आधी लिहा. त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतल्या दोन पोरांनी हात वर केले. पन्हाळ अजून लागायची आहे, पण नावे लिहून ठेवली आहेत.